पुस्तकाविरुद्ध उत्तर आलं तर? केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल, करार कायदा आणि एका पद्धतीचा प्रवास

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सॉल्ट अ‍ॅनालिसिसचं प्रॅक्टिकल असायचं तेव्हा आमच्या बॅचची एक ठरलेली रीत होती. पुडी हातात पडली की आधी सीनियरना विचारायचं, "यंदा कुठली कुठली सॉल्टं काढलीत?" मग रंग बघून, वास घेऊन अंदाज बांधायचा आणि जर्नलमध्ये निरीक्षणं अशी लिहायची की उत्तर बरोब्बर त्या अंदाजाला येऊन थांबेल. म्हणजे उत्तर आधी, निरीक्षण नंतर. ब्राऊन रिंग दिसली नाही तरी 'ब्राऊन रिंग दिसली' असं लिहिलेलं माझं जर्नल अजून घरी आहे. त्याला पूर्ण मार्क आहेत.

माझा रूममेट बी.कॉम.चा. त्याला बिझनेस लॉ होता. परीक्षेच्या आदल्या रात्री तो खोलीत येरझाऱ्या घालत भारतीय करार अधिनियम १८७२, कलम ४, पाठ करायचा. प्रस्ताव कधी पूर्ण होतो, स्वीकृती कधी पूर्ण होते, टपालपेटीत पत्र टाकलं की कोण बांधला जातो. एकदा मी विचारलं, "पण असं का?" तो म्हणाला, "का ते विचारत नाहीत. कलम नंबर विचारतात."

पुढे पीएच.डी.ला आल्यावर हा प्रसंग मला वारंवार आठवला. कारण संशोधनात पहिल्यांदा असं झालं की माझं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं, आणि पहिली प्रतिक्रिया म्हणून मी ते 'दुरुस्त' करायला निघालो होतो. तेव्हा प्रश्न पडला. ही प्रॅक्टिकलं, या केसेस कुणी सुरू केल्या? आणि कशासाठी? शोधत गेलो तर दोन्ही धागे एकाच विद्यापीठात, एकाच माणसाच्या कारकिर्दीत एकत्र येताना दिसले. विद्यापीठ अमेरिकेतलं हार्वर्ड आणि माणूस चार्ल्स विल्यम इलियट. त्याची गोष्ट आज सांगतो. पेट, नेट किंवा सिनॉप्सिसच्या तयारीत असाल तर ती तुमच्या कामाची आहे, ती कशी ते शेवटी बघू.

सुरुवात एका खुनापासून

१८४९ साली हार्वर्डमध्ये रसायनशास्त्र शिकवायचे जॉन व्हाइट वेबस्टर. बोस्टनच्या मेडिकल कॉलेजातही त्यांची व्याख्यानं असत. शिकवणं म्हणजे व्याख्यान आणि टेबलावर करून दाखवलेले प्रयोग. विद्यार्थी बाकावर बसून बघणार. व्याख्यानाची तिकिटं विकली जात आणि तो पैसा प्राध्यापकाच्या मिळकतीचा भाग असे.

वेबस्टर कायम कर्जात असत. जॉर्ज पार्कमन नावाच्या श्रीमंत गृहस्थाकडून त्यांनी कर्ज घेतलं होतं, आणि १८४७ मध्ये त्याच्यासाठी आपली चीजवस्तू तारण ठेवली होती. त्यात त्यांचा खनिजांचा संग्रहही होता. पुढच्याच वर्षी त्यांनी तोच संग्रह दुसऱ्या एका सावकाराकडे तारण ठेवून आणखी पैसे उचलले. हा दुसरा सावकार नेमका पार्कमनचा मेहुणा निघाला, आणि गोष्ट फुटली. २३ नोव्हेंबर १८४९ रोजी पार्कमन वसुलीसाठी मेडिकल कॉलेजात गेला तो परत आलाच नाही. आठवडाभराने कॉलेजच्या शिपायाला वेबस्टरांच्या प्रयोगशाळेखालच्या तळघरात मानवी अवशेष सापडले. भट्टीत मिळालेल्या कवळीवरून दंतवैद्याने ओळख पटवली. खटला चालला आणि ३० ऑगस्ट १८५० रोजी वेबस्टरांना फाशी झाली.

एकच वस्तू दोघांकडे तारण ठेवली तर हक्क कुणाचा, हा कुठल्याही बिझनेस लॉच्या वर्गात शोभेल असा प्रश्न. इथे तो एका केमिस्ट्रीच्या प्राध्यापकाच्या गळ्याशी आला. पण ही गोष्ट मी सनसनाटी म्हणून सांगत नाहीये. वेबस्टर गेल्यामुळे त्यांची जागा रिकामी झाली, आणि तिथे विशीतला एक तरुण नेमला गेला, जोसाया पार्सन्स कूक. कूक रसायनशास्त्र बरंचसं स्वतःच्या हातांनी शिकला होता. लहानपणी त्याने बोस्टनमध्ये जाहीर व्याख्यानं ऐकली आणि मग घरीच छोटी प्रयोगशाळा मांडली. हार्वर्डमध्ये त्याची स्वतःची प्रयोगशाळा एका इमारतीच्या तळघरात होती. तिथे तो एका होतकरू विद्यार्थ्याला काम करू द्यायचा. खून झाला तेव्हा हा विद्यार्थी पंधरा वर्षांचा होता आणि नुकताच कॉलेजात दाखल झाला होता. तो म्हणजे इलियट.

बाकावरून टेबलाकडे

विद्यार्थ्याच्या हातात परीक्षानळी द्यायची, ही आज साधी वाटणारी गोष्ट तेव्हा नवी होती. तिचं मोठं केंद्र होतं जर्मनीतलं गीसन. तिथे युस्टुस लीबिग १८२४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, प्राध्यापक झाला आणि त्याने विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत बसवून शिकवायला सुरुवात केली. आधी ठरावीक विश्लेषणं करून हात तयार करायचा आणि मग ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही असा स्वतःचा प्रश्न घ्यायचा. देशोदेशींचे विद्यार्थी तिथे जाऊन आले. लीबिगचा सहायक राहिलेल्या फ्रेझेनियसचं गुणात्मक विश्लेषणावरचं पुस्तक १८४१ मध्ये आलं. गटवार धातू वेगळे करायचे, हायड्रोजन सल्फाइड सोडायचा, अवक्षेप बघायचा, ही जी आपली सॉल्ट अ‍ॅनालिसिसची शिडी आहे ती त्याच घराण्यातली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. गीसनमध्ये ही शिडी म्हणजे पहिली पायरी होती. तिच्यावरून चढून संशोधनात जायचं होतं. आपल्याकडे पोचेपर्यंत शिडी राहिली आणि वरचा मजला बऱ्याच ठिकाणी गळून पडला.

इलियट १८५८ मध्ये हार्वर्डमध्ये गणित आणि रसायनशास्त्राचा सहायक प्राध्यापक झाला. १८६३ मध्ये रसायनशास्त्राचं मोठं पद रिकामं झालं, पण ते त्याला मिळालं नाही, दुसऱ्याला मिळालं. तो नाराज होऊन युरोपात गेला आणि तिथली शाळा-कॉलेजं बघत दोन वर्षं हिंडला. एका कापड गिरणीत चांगल्या पगाराची नोकरी चालून आली होती ती त्याने नाकारली, आणि नव्याने सुरू झालेल्या एमआयटीत विश्लेषणात्मक रसायनशास्त्र शिकवायला गेला. (प्रमोशन हुकलेल्यांनी हा भाग परत वाचावा.) तिथे फ्रान्सिस स्टोररबरोबर त्याने १८६७ मध्ये अकार्बनी रसायनशास्त्राचं एक पाठ्यपुस्तक काढलं. त्याचं वैशिष्ट्य असं की प्रयोग पुस्तकाच्या शेवटी जोडलेले नाहीत, मजकुरातच गुंफलेले आहेत. नवशिक्या विद्यार्थ्याने प्रयोग स्वतः करायचा आणि नियमापर्यंत स्वतः यायचं, अशी ती रचना. 'प्राथमिक रसायनशास्त्र' म्हणून आज जगभर जो पेपर अधिक प्रॅक्टिकल असा अभ्यासक्रम आहे, त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांपैकी हा एक.

दोन वर्षांनी, १८६९ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी इलियट हार्वर्डचा अध्यक्ष झाला आणि ४० वर्षं त्या पदावर राहिला. आणि त्याने सुरुवातीलाच ज्या विभागात हात घातला तो केमिस्ट्रीचा नव्हता, कायद्याचा होता.

कायद्याची प्रयोगशाळा

त्या वेळी हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये प्राध्यापक पाठ्यपुस्तकावर व्याख्यान देत. तीन सत्रं हजेरी लावली की परीक्षेशिवाय पदवी मिळे. इलियटने जानेवारी १८७० मध्ये न्यूयॉर्कहून एक वकील बोलावून घेतला. क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल. त्याच वर्षी तो डीन झाला. इलियटने त्याला विद्यार्थिदशेत मित्राच्या खोलीत कायद्यावर बोलताना ऐकलं होतं आणि ते त्याच्या डोक्यात राहिलं होतं.

लँगडेलने करार कायद्याचा वर्ग घेतला आणि व्याख्यान देणं बंद केलं. त्याऐवजी त्याने मूळ न्यायनिवाडे निवडून छापून घेतले आणि ते विद्यार्थ्यांच्या हातात दिले. १८७१ मध्ये हे संकलन पुस्तकरूपाने आलं. वर्गात तो एका विद्यार्थ्याला उभं करायचा आणि म्हणायचा, या खटल्यातल्या घटना सांगा. मग दुसऱ्याला, हा निकाल बरोबर आहे का? मग तिसऱ्याला, आधीच्या निकालाशी तो कसा जुळतो?

पहिल्या दिवसाचा प्रसंग प्रसिद्ध आहे, आणि तो नंतरच्या आठवणींमधून आपल्यापर्यंत आलाय, तेव्हा त्यातल्या संवादावर जपूनच विश्वास ठेवायचा. पण खटला कुठला होता ते पुस्तकावरूनच कळतं. पेन विरुद्ध केव्ह, इंग्लंड, १७८९. आता घटना ऐका. एका लिलावात दारू गाळण्याच्या धंद्यातलं एक उपकरण विकायला होतं: कथलाच्या मिश्रधातूची वेटोळी नळी आणि तिची टाकी. वाफ त्या वेटोळ्यातून जाते, टाकीतल्या थंड पाण्याने निवते आणि खाली थेंब थेंब पडते. म्हणजे आपला कंडेन्सर! केव्हने ४० पौंडांची बोली लावली. लिलाव करणारा आणखी कुणी वाढवतंय का बघत रेंगाळला आणि म्हणाला की नळीचं वजन बरंच आहे, किंमत याहून जास्त यायला हवी. केव्हने विचारलं, वजनाची हमी देता का? तो म्हणाला, नाही. मग मला नको, असं म्हणून केव्हने हातोडा पडायच्या आत बोली मागे घेतली. पुढे ते उपकरण ३० पौंडांना गेलं आणि फरकाच्या १० पौंडांसाठी दावा झाला.

न्यायालय म्हणालं, बोली हा फक्त प्रस्ताव आहे. हातोडा पडणं ही स्वीकृती. त्याआधी दोघांपैकी कुणीच बांधलेला नाही. आपल्या मालविक्री अधिनियम १९३० च्या कलम ६४ मध्ये हाच नियम बसलाय, बी.कॉम.वाल्यांना आठवेल.

तर कायदा 'प्रयोगातून' शिकवण्याचा पहिला तास एका कंडेन्सरवर झाला. हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही सिद्ध होत नाही. पण केमिस्ट्रीच्या माणसाला गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

लँगडेलची भूमिका मात्र योगायोग नव्हती. त्याचं म्हणणं होतं की कायदा हे विज्ञान आहे. त्यात मूळ तत्त्वं थोडी असतात, आणि ती न्यायनिवाड्यांमध्ये शतकानुशतकं हळूहळू वाढत आलेली दिसतात. १८८६ मधल्या एका भाषणात त्याने हे आणखी स्पष्ट केलं: केमिस्ट आणि फिजिसिस्टला प्रयोगशाळा जशी, तसं आम्हाला ग्रंथालय. इलियटला हे पटणं साहजिक होतं. पाठ केलेल्या नियमाऐवजी मूळ सामग्रीपासून सुरुवात, हेच तर त्याने केमिस्ट्रीत केलं होतं.

विद्यार्थ्यांना सुरुवातीला हे अजिबात आवडलं नाही. आम्ही कायदा शिकायला आलोय, वर्गातल्या पोरांची मतं ऐकायला नाही, असा सूर होता. वर्ग रिकामा होत गेला. जे थोडे टिकले त्यात जेम्स बार एम्स होता. तो पुढे वकिली न करता थेट प्राध्यापक झाला आणि १८९५ मध्ये लँगडेलनंतरचा डीन. त्या वेळी ही केवढी विचित्र नेमणूक वाटली असेल! कायदा शिकवायला कोर्टाचा अनुभव लागत नाही, ग्रंथालय पुरतं, या दाव्याचंच ते पुढचं पाऊल होतं.

उपमा कुठे तुटते

आता माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग. ग्रंथालय म्हणजे प्रयोगशाळा, ही उपमा किती खरी?

एक कसोटी लावून बघू. विज्ञानात निरीक्षण सिद्धांताच्या विरुद्ध गेलं तर सिद्धांत अडचणीत येतो. लँगडेलकडे काय झालं?

१८१८ सालचा अ‍ॅडम्स विरुद्ध लिंडसेल हा खटला घ्या. लोकरीच्या व्यापाऱ्याने पत्राने प्रस्ताव पाठवला, पण पत्ता चुकवला. पत्र उशिरा पोचलं. समोरच्याने त्याच संध्याकाळी होकार टपालात टाकला. तो होकार पोचायच्या आदल्या दिवशी पहिल्याने लोकर दुसऱ्याला विकून टाकली. करार झाला होता का? न्यायालय म्हणालं, हो, होकार टपालात पडला त्या क्षणी झाला. पुढे इंग्लंडमध्ये हाच नियम रुजला.

लँगडेलच्या तर्कात हे बसेना. त्याच्या मते स्वीकृती म्हणजे समोरच्याला दिलेलं वचन, आणि जे वचन समोरच्यापर्यंत पोचलंच नाही ते वचनच नव्हे. म्हणून करार पत्र पोचल्यावरच होतो. उलट नियम व्यवहाराला सोयीचा आणि न्याय्य आहे, असा युक्तिवाद लोक करत. त्यावर त्याचं उत्तर असं की हा मुद्दाच इथे गैरलागू आहे. म्हणजे निकाल सिद्धांताविरुद्ध गेले, तर निकाल चुकीचे! ऑलिव्हर वेंडेल होम्सने १८८० मध्ये लँगडेलच्या पुस्तकाचं परीक्षण करताना त्याच्या बुद्धीचं कौतुक केलं, आणि त्याला कायद्यातला धर्मशास्त्री म्हटलं. टोमणा नेमका होता. मूळ सामग्रीपासून सुरुवात करणारा माणूस सामग्रीने दगा दिल्यावर सिद्धांताला चिकटून बसला होता.

आणखी एक मुद्दा. केसेस लँगडेलने स्वतः निवडल्या होत्या. छापलेल्या निवाड्यांपैकी बहुतेक निरुपयोगी आहेत असं तो उघड म्हणायचा. आता सांगा, नको ती निरीक्षणं आधीच बाजूला काढून विद्यार्थ्याला 'शोध लाव' म्हणणं आणि सीनियरकडून सॉल्टचं नाव काढून प्रॅक्टिकल करणं, यात कितीसा फरक आहे?

याच सुमारास आपल्याकडे काय झालं बघा. लँगडेलचं पुस्तक १८७१ चं आणि भारतीय करार अधिनियम १८७२ चा. इथे ब्रिटिश सरकारने निवाड्यांच्या जंगलात शिरण्याऐवजी नियम कलमांत बांधून टाकले आणि खाली उदाहरणं दिली. टपालाच्या प्रश्नावर कलम ४ ने वेगळीच वाट काढली. स्वीकृतीचं पत्र रवाना झालं, आता ते मागे घेणं पाठवणाऱ्याच्या हातात नाही, की प्रस्ताव देणारा बांधला गेला. पण स्वीकारणारा स्वतः कधी बांधला जातो? पत्र पोचून समोरच्याला कळल्यावर. तोवर त्याला होकार मागे घेता येतो. माझा रूममेट येरझाऱ्या घालत जे पाठ करत होता त्यामागे एवढा मोठा वाद होता. त्याला तो कुणी सांगितलाच नाही.

आणि कलमात बांधलं म्हणून प्रश्न संपला नाही. १९५९ मध्ये अहमदाबादच्या व्यापाऱ्याने फोनवरून खामगावच्या गिरणीकडे सरकीची पेंड मागितली. खामगावहून फोनवरच होकार आला. पुढे तंटा झाला. दावा अहमदाबादला चालणार की नाही, हे करार कुठे झाला यावर अवलंबून होतं. होकार खामगावात बोलला गेला, अहमदाबादेत ऐकला गेला. कलम ४ लिहिलं तेव्हा टेलिफोनच नव्हता! १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की फोन हा समोरासमोरच्या बोलण्यासारखा आहे, टपालाचा नियम अपवाद आहे, म्हणून करार जिथे होकार ऐकला गेला तिथे, अहमदाबादला झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळं मत दिलं. त्यांचा रोख असा की कलमाचे शब्द आहेत तसे वाचले पाहिजेत, आणि त्या शब्दांप्रमाणे करार खामगावात पूर्ण झाला.

हा खटला मला फार आवडतो. नवं उपकरण आलं आणि जुन्या नियमाची हद्द कुठे संपते ते दिसलं. प्रयोगशाळेत नवं यंत्र आल्यावर होतं तेच.

प्रयोगाचंही कर्मकांड होतं

तुम्ही म्हणाल, म्हणजे कायदेवाले फसले, सायन्सवाले शहाणे. तसं नाहीये. इलियटच्या हार्वर्डने १८८६ च्या सुमारास प्रवेशासाठी भौतिकशास्त्राच्या ४० प्रयोगांची यादी काढली. शाळांनी हे प्रयोग करून घ्यावेत, मुलांनी वही आणावी. हेतू चांगला होता, पुस्तकी घोकंपट्टी थांबावी. पण प्रवेशासाठी ठरलेली यादी आली की शाळा यादीप्रमाणे शिकवतात आणि मुलं यादीप्रमाणे वही भरतात. ज्याचं उत्तर छापलेलं आहे, ज्याला मार्क आहेत आणि जो वर्षानुवर्षं बदलत नाही, तो प्रयोग हळूहळू प्रयोग राहत नाही. तो सराव होतो. सरावाला माझा विरोध नाही, हात त्यानेच तयार होतो. पण सरावाला शोध म्हणायला लागलो की घोटाळा होतो.

पद्धत परत येते

गोष्टीला शेवटचं एक वळण आहे. १९०८ मध्ये हार्वर्डने बिझनेस स्कूल काढलं. पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या विषयांत हिशेबशास्त्राबरोबर व्यापारी करार हा विषय होता. १९१९ मध्ये तिथे वॉलेस डोनहॅम डीन झाला. तो लॉ स्कूलमधून शिकलेला. त्याने केस पद्धत सगळ्या व्यवस्थापन शिक्षणात आणली. १९६१ मध्ये आयआयएम अहमदाबाद हार्वर्डच्या सहकार्याने उभं राहिलं, तेव्हा ती पद्धत आपल्याकडे आली. एमबीए करणारे मित्र 'केस सोडवतोय' म्हणतात त्याची वंशावळ ही अशी.

आणि मग केमिस्ट्री. १९३३ मध्ये हार्वर्डचा अध्यक्ष पुन्हा एक केमिस्ट झाला, जेम्स कोनंट. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याला वाटलं की सायन्स न घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही विज्ञान कसं चालतं ते कळायला हवं. नुसती सूत्रं शिकवून ते कळणार नाही. मग त्याने केस पद्धत उचलली आणि विज्ञानाच्या इतिहासाला लावली. १९४८ पासून या केसेस छापून येऊ लागल्या. एक केस फ्लॉजिस्टॉनची होती. जळताना पदार्थातून फ्लॉजिस्टॉन बाहेर पडतं असं मानणारे लोक मूर्ख नव्हते. मग धातू जळल्यावर वजन वाढतं हे दिसूनही ते का मानायला तयार होत नव्हते? लाव्हाझियेचं म्हणणं शेवटी कशामुळे पटलं?

या अभ्यासक्रमात कोनंटला मदत करायला भौतिकशास्त्राचा एक पीएच.डी. विद्यार्थी होता. वर्ग घेण्यासाठी जुने ग्रंथ वाचताना त्याच्या लक्षात आलं की आपण विज्ञानाबद्दल जे समजत होतो तसं विज्ञान घडलेलंच नाही. तो थॉमस कून. वैज्ञानिक क्रांत्यांच्या रचनेवरचं त्याचं पुस्तक १९६२ मध्ये आलं. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरला 'पॅराडाइम' म्हणून जो शब्द आपण पाठ करतो, त्याची एक मुळी बिगर-सायन्स विद्यार्थ्यांच्या एका प्राथमिक वर्गापर्यंत जाते.

केमिस्ट्रीची पद्धत कायद्यात गेली, कायद्यातून व्यवसाय शिक्षणात, आणि ७५ वर्षांनी केमिस्ट्रीकडे परत आली. परत येताना तिने एक गोष्ट बरोबर आणली. केसमध्ये निकाल वाचायचाच, पण निकाल लागायच्या आधीची अनिश्चितताही बघायची.

मग आपण काय घ्यायचं?

एक. अभ्यासक्रम आकाशातून पडत नाही. कुणीतरी, कधीतरी, कुठल्या तरी अडचणीवर तोडगा म्हणून तो ठरवलेला असतो. अडचण विसरली जाते आणि तोडगा उरतो. तुमच्या विषयातला पहिल्या वर्षाचा एखादा पेपर घ्या आणि विचारा, हा इथे का आहे? त्यात संशोधनाचा प्रश्न दडलेला असू शकतो. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याच्या जुन्या कॅलेंडरांमध्ये अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका छापलेल्या सापडतात. १९१३ मध्ये सुरू झालेलं सिडनहॅम कॉलेज आहे, जुनी सायन्स कॉलेजं आहेत. 'प्रश्नपत्रिकेत "का" असा प्रश्न कधी होता आणि कधी गेला' एवढं जरी कुणी मोजलं तरी चांगला प्रबंध होईल.

दोन. स्रोताची पातळी ओळखा. लँगडेलच्या पहिल्या तासाचा संवाद आठवणीतून आलेला आहे, पहिला खटला कुठला ते छापील पुस्तकात आहे, आणि त्याला तसा तास का घ्यावासा वाटला हे आपलं अनुमान आहे. तीन गोष्टी, तीन वजनं. सिनॉप्सिस लिहिताना यांची सरमिसळ झाली की व्हायव्हाला नेमकं तिथेच बोट ठेवतात.

तीन, आणि हे मी स्वतःलाच सांगतोय. पुस्तकाविरुद्ध उत्तर आलं की आधी स्वतःची चूक तपासायची, हे बरोबरच आहे. पुन्हा करायचं, अभिकर्मक बदलायचा, दुसऱ्याला करायला सांगायचं. पण एवढं करूनही तेच येत असेल तर ते लिहायचं. न दिसलेली ब्राऊन रिंग 'दिसली नाही' असंच लिहायचं. लँगडेलसारख्या तल्लख माणसालाही तिथेच जमलं नव्हतं.

परवा रूममेटशी फोनवर बोलणं झालं. तो आता एका कंपनीत खरेदी विभागात आहे. त्याला खामगावच्या पेंडीची गोष्ट सांगितली. जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "अरे, आमच्याकडे ऑर्डरचे होकार सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. दोन निळ्या टिका आल्या की करार झाला का रे?"

बघा, त्याने पहिल्यांदाच 'का' विचारलं. उत्तर मी दिलं नाही. कलम ४ उघडून दोघं बसणार आहोत.